सातवीच्या वर्गाशी सूर जुळवायचा तर पहिल्या दिवसापेक्षा पहिल्या खटक्याची तयारी करा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: आठ वर्षं तिसरी-चौथीला शिकवलंत, आता एकदम सातवीचा वर्ग आणि वर सहावी-आठवीचे तास अंगावर आलेत. लहान मुलं पहिल्याच दिवशी येऊन बिलगायची, ही मोठी मुलं मात्र मागच्या बाकावरून नुसती बघत बसतात आणि ताकास तूर लागू देत नाहीत. एक सहकारी सांगतात पहिले दोन महिने अजिबात हसू नका नाहीतर डोक्यावर बसतील, दुसऱ्या म्हणतात पहिला आठवडा पुस्तक उघडूच नका, नुसते ओळखीचे खेळ घ्या. आणि तुम्ही विचारताय की कोणाचं ऐकू, मुलांना मी आवडले पाहिजे ना?

मी १९ वर्षं सहावी ते आठवीला गणित शिकवतेय, त्यातली बरीचशी वर्षं वर्गशिक्षिका म्हणून. माझ्या मते दोन्ही सल्ले अर्धेच आहेत, आणि ‘आवडले पाहिजे’ हा प्रश्नच जरा बाजूला ठेवा. आठ वर्षांचं मूल तुम्हाला आवडून घ्यायला तयारच बसलेलं असतं. बारा-तेरा वर्षांचं मूल आधी बघतं की ह्या बाई चिडल्या की कशा होतात, चारचौघात माझा पाणउतारा करतात का, आणि आज एक उद्या दुसरंच असं वागतात का. हे कळेपर्यंत ते चार हात लांब राहणार. त्यात तुमचा काही दोष नाही, आणि ते मूल घुमं आहे असंही नाही.

आधीच सांगते की बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे. वर्गात २५ मुलं आहेत की ६०, तुम्ही वर्गशिक्षिका आहात की ३५ मिनिटांचा एक तास घेऊन निघून जाणार, मुलं पहिलीपासून एकत्र आहेत की निम्मी नवीन आलीत, आधीचे शिक्षक त्यांचे लाडके होते आणि अचानक सोडून गेले असं काही झालंय का (मग पहिला महिना तुमची तुलनाच होणार, ती मुकाट सोसायची). आवाज, स्वभाव ह्याचाही भाग असतो, माझा आवाज मुळात बारीक, ओरडले तर हसूच येतं, त्यामुळे मला न ओरडता चालवायचे मार्ग शोधावेच लागले. तेव्हा जसंच्या तसं उचलू नका, तुमच्या वर्गाला बसेल तेवढं घ्या.

खेळांचं आधी उरकते. ‘उभं राहून स्वतःबद्दल सांगा’, ‘तुमच्याबद्दल एक मजेशीर गोष्ट सांगा’ हे सातवीत करू नका. ह्या वयात प्रत्येकाला वाटत असतं की सगळ्यांचे डोळे माझ्यावरच आहेत, माझा फुटलेला आवाज, माझी पुटकुळी, माझे आखूड झालेले कपडे सगळ्यांना दिसतायत. डेव्हिड एल्काइंड ह्या मानसशास्त्रज्ञाने १९६७ साली ह्याला ‘काल्पनिक प्रेक्षक’ असं नाव दिलं होतं, म्हणजे प्रत्येक मूल मनातल्या मनात रंगमंचावर उभं असतं आणि समोरचं थिएटर कायम भरलेलं. अशा मुलाला खरोखरच उभं करून ४० जणांसमोर बोलायला लावायचं आणि म्हणायचं की चला आता आपली ओळख झाली! जी दोन-तीन बोलकी मुलं आहेत ती छान बोलतात, बाकीची पुटपुटतात आणि त्या दिवशी एवढंच शिकतात की ह्या बाई कधीही उभं करू शकतात.

त्याऐवजी मी चिठ्ठी लिहून घेते. पहिल्याच तासाला, शेवटची १५ मिनिटं. तीन प्रश्न: तुला काय नावाने हाक मारलेली आवडते, गणितात कशाची धास्ती वाटते किंवा कुठल्या प्रकारे शिकवलं की कळतं, आणि मला आधीच माहीत असावं असं काही आहे का. तिसरा प्रश्न सक्तीचा नाही, कोरा ठेवला तरी चालतो हे तोंडी सांगायचं. चिठ्ठ्या मीच गोळा करते, मॉनिटरला करू देत नाही, आणि सांगते की ह्या मी वर्गात वाचणार नाही, स्टाफरूममध्येही नाही. फक्त एक अट आधीच स्पष्ट करते, कोणाला कोणी त्रास देतंय, इजा होतेय किंवा कोणी स्वतःला काही करून घेण्याच्या विचारात आहे असं दिसलं तर मी गप्प बसणार नाही, मदत करू शकेल अशा माणसाला सांगणार, पण तुला सांगून मग. हे आधी बोलणं फार महत्त्वाचं आहे. सगळं गुपित ठेवीन असं वचन देऊन नंतर मोडण्यापेक्षा सुरुवातीलाच खरं सांगितलेलं बरं.

आणि मग त्या चिठ्ठीला उत्तर. बहुतेक जण इथेच गळतात, चिठ्ठ्या घेतात आणि त्या टेबलाच्या खणात वर्षभर पडून राहतात. मी प्रत्येकीवर एक-दोन ओळी लिहून परत देते. ‘अपूर्णांकांची भीती वाटते’ ह्यावर ‘मलाही सहावीत वाटायची, तो धडा दुसऱ्या महिन्यात आहे, आपण सावकाश करू’ एवढंच. ‘काही नाही’ असं लिहिणाऱ्यालाही उत्तर देते, ‘चालेल, नंतर काही आठवलं तर सांग’. पन्नासेक चिठ्ठ्यांना दोन संध्याकाळी जातात, कंटाळा येतो, हात दुखतो, पण अख्ख्या वर्षात इतक्या कमी कष्टात इतकं मला दुसरं कशातूनच मिळालेलं नाही. एका वर्षी एका मुलीने लिहिलं होतं की मला डाव्या कानाने कमी ऐकू येतं पण हे वर्गात कोणाला माहीत नाही. मी पूर्ण वर्गाची बसायची जागा महिन्याला बदलायची पद्धत लावली आणि फिरता फिरता ती दर वेळी बरोबर उजवा कान माझ्याकडे येईल अशीच बसत होती. कोणाला काही कळलं नाही, आणि ती आणि मी ह्याबद्दल एक शब्दही बोललो नाही.

नावं. पहिल्या आठवड्यात सगळी पाठ झालीच पाहिजेत, ह्यावर मी हट्टी आहे. कागदावर बाकांचा नकाशा काढायचा, नावं भरायची, पहिले आठ दिवस तो हातात धरून शिकवायचं, त्यात लाज कसली. वह्या मॉनिटरकडून न वाटता स्वतः वाटायच्या, वही-चेहरा-नाव असं तीन-चार दिवसांत बसतं. चुकलं तर ‘चुकलं माझं’ म्हणायचं आणि परत विचारायचं. हजेरीपटावरचं नाव आणि मुलाला हवं असलेलं नाव वेगळं असू शकतं, आणि मित्रांनी ठेवलेलं टोपणनाव तुम्ही वापरू नका, ते कितीही गोड वाटलं तरी, कारण ते नाव त्याने निवडलेलं आहे की त्याच्यावर लादलेलं आहे हे तुम्हाला पहिल्या आठवड्यात कळत नाही.

टोपणनावावरून माझी स्वतःची एक चूक सांगते. दुसऱ्या वर्षाला असेन, एक मुलगा प्रत्येक उत्तर द्यायच्या आधी बराच वेळ विचार करायचा, मी एकदा हसून म्हटलं ‘थांबा, आमचे प्रोफेसर साहेब विचार करतायत’. वर्ग खळखळून हसला, तोही हसला, मला वाटलं वा, काय छान जमतंय आपलं ह्यांच्याशी. पुढे मधल्या सुट्टीत, मैदानावर, सगळीकडे तो प्रोफेसर झाला. त्याने त्या वर्षी परत माझ्या तासाला हात वर केला नाही, आणि मला हे लक्षात यायला चार महिने लागले. तो हसला होता कारण न हसून त्याला चाललं नसतं. तेव्हापासून मुलांवर विनोद मी करत नाही, स्वतःवर करते, फळ्यावर बेरीज चुकले की भरपूर करते.

(त्या मुलाला विचार करायला वेळ हवा होता इतकंच. मेरी बड रो ह्या संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात वर्गांमधलं बोलणं टेप करून मोजलं होतं, प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादाच सेकंद थांबतात आणि मग दुसऱ्याकडे वळतात किंवा स्वतःच उत्तर देतात. तेच तीन सेकंद थांबलं तर उत्तरं लांब येतात आणि एरवी गप्प बसणारेही बोलायला लागतात. मी मनात आकडे मोजते.)

तासाच्या आधी दारात उभं राहणं ही गोष्ट मला आधी नाटकी वाटायची. २०१८ साली मिडल स्कूलच्या १० वर्गांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, शिक्षकांनी दारात प्रत्येकाचं नाव घेऊन स्वागत करायचं आणि आत जाऊन काय सुरू करायचंय ते सांगायचं, तर मुलं कामात असण्याचं प्रमाण सुमारे २० टक्के बिंदूंनी वाढलं आणि गडबड ९ टक्के बिंदूंनी घटली. अभ्यास छोटाच आहे, तुमच्याकडे तेच आकडे येतील असं नाही, पण माझ्याकडे एक वेगळाच फायदा झाला, कोण आज रडून आलंय, कोण भांडून आलंय हे तास सुरू व्हायच्या आधी चेहऱ्यावरून कळतं. तुम्ही एका वर्गातून दुसऱ्या वर्गात पळत असाल तर दारात उभं राहणं जमणार नाही, मग निदान आत शिरल्या शिरल्या फळ्याकडे तोंड करू नका, आधी दोन बाकांच्या रांगांमधून एक फेरी मारा.

आता ‘दोन महिने हसू नका’ वाल्या सहकाऱ्यांकडे येते, कारण त्यांचं पूर्ण चूक नाहीये. त्यांना जे हवंय ते शिस्तीचं भान, पण चेहरा मख्ख ठेवून ते येत नाही, आधी सांगितलेलं तंतोतंत तसंच झालं की येतं. गृहपाठ नाही आणला तर काय होईल, पाणी प्यायला कधी जायचं, उत्तर येत नसेल तर ‘पुढे’ म्हणायची मुभा आहे का, हे पहिल्या दोन दिवसांत सांगा आणि मग रोज तसंच वागा. मी तीनच नियम ठेवते कारण त्याच्यापुढे माझेच माझ्या लक्षात राहत नाहीत. हसायचं असेल तर खुशाल हसा हो. आज हसून सोडून दिलं आणि उद्या त्याच गोष्टीवर फटकारलं, असं झालं की ह्या वयाची मुलं बिथरतात. आणि न्याय हा तर त्यांचा फारच हळवा विषय, ‘त्याला का नाही बोललात’ हे तुम्हाला आठवड्यातून दहादा ऐकावं लागेल, त्यावर चिडू नका, बहुतेक वेळा त्यात तथ्य असतं.

आणि तरीही खटका उडणारच. माझ्या अनुभवात दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात उडतो, पहिल्या आठवड्यातली पाहुणचाराची शांतता संपली की. कोणीतरी तुम्ही फळ्याकडे वळल्यावर आवाज काढेल, उलट उत्तर देईल किंवा सांगितलेलं काम न करता थंडपणे बघत बसेल. हे बहुतेक वेळा तुमच्यावरच्या रागातून नसतं, तुम्ही काय करता ते बघायचं असतं, आणि बघणारा तो एकटा नसतो. जेकब कौनिन म्हणून एक प्राध्यापक होते, त्यांच्या वर्गात एक विद्यार्थी उघड उघड पेपर वाचत होता, त्याला ते रागावले आणि त्यांच्या लक्षात आलं की ज्यांनी काहीच केलं नव्हतं ते बाकीचे विद्यार्थीच आक्रसून बसले. तिथून त्यांनी वर्षानुवर्षं ह्याचा अभ्यास केला, १९७० साली ते सगळं पुस्तकरूपाने आलं. एकाला बोललेलं सगळ्या वर्गात पाण्यावरच्या तरंगासारखं पसरतं. दुसरं त्यांना जे दिसलं ते मला जास्त उपयोगी पडलं, चांगला चालणारा वर्ग आणि न चालणारा वर्ग ह्यात रागावण्याच्या पद्धतीमुळे फारसा फरक पडत नव्हता, फरक होता तो आधीच सगळीकडे लक्ष असण्यात आणि तास अडखळत न चालण्यात. म्हणजे खटके कमी करायचे असतील तर टाचण पक्कं ठेवा आणि फळ्यावर लिहिताना पाठ पूर्ण वळवू नका.

पण उडाला खटका तर? मी काय करते ते सांगते, दरवेळी जमतंच असं नाही. आवाज चढवायचा नाही, उलट खाली आणायचा. शिकवणं चालू ठेवून त्याच्या बाकापाशी जाऊन उभं राहायचं, तेवढ्याने निम्म्या वेळा भागतं. नाही भागलं तर वाकून, फक्त त्याला ऐकू येईल असं, एक वाक्य: ‘हे आत्ता थांबव, तास झाल्यावर दोन मिनिटं बोलू’, आणि तिथून लगेच निघायचं. निघायचं हे महत्त्वाचं. तिथेच उभं राहून त्याच्या तोंडाकडे बघत बसलात की त्याला माघार घ्यायला जागाच उरत नाही, मित्र बघतायत, तो काहीतरी बोलणारच, मग तुम्हाला त्याच्यावर काहीतरी बोलावं लागणार आणि दोन मिनिटांत गोष्ट मुख्याध्यापकांच्या दारात. ‘आधी सॉरी म्हण’ हा हट्ट तर वर्गासमोर अजिबात धरू नका.

तासानंतरची ती दोन मिनिटं खरंच दोनच मिनिटं ठेवते. काय झालं ते मी सांगते, तुझी बाजू काय ते विचारते, ठरलेला परिणाम असेल तो सांगते, संपलं. व्याख्यान नाही. मागच्या वर्षीचं उकरून काढायचं नाही. घरी फोन करीन ही धमकी नाही.

आणि दुसरा दिवस. माझ्या १९ वर्षांच्या अनुभवातलं सगळ्यात कामाचं हेच वाटतं म्हणून एवढं लांबण लावलं. दुसऱ्या दिवशी ते मूल वर्गात शिरताना तुमचा चेहरा बघत असतं, आज बाई डूख धरून आहेत की नाही. त्या दिवशी पहिला शब्द मी बोलते, आणि तो कालच्याबद्दल नसतो. ‘अरे ती खिडकी जरा उघड’, ‘तुझी वही दाखव बघू, तिसरं गणित कसं केलंस’, असलं काहीतरी अगदी रोजचं. जास्त गोड नाही, मुद्दाम कौतुक तर मुळीच नाही, त्यांना ते लगेच कळतं आणि लाडीगोडी लावल्यासारखं वाटतं. कालचं काल संपलं एवढंच त्याला दिसलं पाहिजे, आणि त्याच्याबरोबर उरलेल्या वर्गालाही. ओळखीच्या खेळांनी आठवडाभरात जे होत नाही ते अशा एका सकाळी होतं, कारण आता त्यांना माहीत झालं की ह्या बाई चिडल्या तर किती चिडतात आणि ते किती वेळ टिकतं.

चूक तुमची असेल तर? होते. मी एकदा वही न आणल्याबद्दल एका मुलाला सगळ्यांसमोर झापलं आणि नंतर कळलं की वही माझ्याच तपासायच्या गठ्ठ्यात होती. झापलं चारचौघात, मग माफीही चारचौघातच मागितली, कारणं न देता. वर्ग एकदम गप्प झाला होता. डोक्यावर वगैरे कोणी बसलं नाही.

एखादं मूल मात्र ह्या सगळ्याला दाद देत नाही. त्याच्यासाठी मानसशास्त्रज्ञ रेमंड व्लोडकोव्स्की ह्यांच्या नावाने ओळखली जाणारी एक साधी पद्धत आहे, रोज दोन मिनिटं असं सलग दहा शाळेचे दिवस त्या एका मुलाशी बोलायचं, अभ्यास आणि वागणूक सोडून कशाबद्दलही. पहिले चार-पाच दिवस ‘हं’ आणि ‘माहीत नाही’ एवढंच ऐकू येतं आणि आपल्याला फार मूर्खासारखं वाटतं. टिकून राहायचं. मी एका वर्षी एकालाच घेते, फार तर दोघांना. आणि ज्याच्यासाठी काहीच चाललं नाही अशीही मुलं झाली, त्यांच्याशी मी नीट वागले, त्यांनी गणित केलं, एवढ्यावर मी समाधान मानलं.

वर्ग हातात यायच्या आधी स्टाफरूममध्ये कोणीतरी तुम्हाला ‘नगांची यादी’ देईल, कोण कसा आहे त्याची. तब्येतीचं किंवा सुरक्षिततेचं काही असेल तर जरूर ऐका, बाकी महिनाभर नको म्हणा. यादी ऐकली की मला त्या मुलाच्या साध्या शिंकेतही खोडी दिसायला लागते, हे माझं मलाच पकडता आलंय.

मैत्रीण बनू नका, हेही जाता जाता. त्यांची भाषा वापरणं, सोशल मीडियावर त्यांना फॉलो करणं, रात्री मेसेजवर गप्पा, हे त्यांना आपलेपणाचं नाही, विचित्र वाटतं, आणि तुमच्या दोघांच्याही दृष्टीने धोक्याचं आहे. मोठं माणूस म्हणूनच राहा, फक्त भरवशाचं. आणि पालकांना पहिला फोन एखाद्या चांगल्या गोष्टीसाठी करा, तिसऱ्या आठवड्याच्या आत, विशेषतः ज्या घरात शाळेचा फोन म्हणजे तक्रारच असं समीकरण आहे तिथे.

तुमची शाळा सोमवारी सुरू होतेय असं लिहिलंय, म्हणजे हातात चार दिवस आहेत. त्यात एवढंच करा, बाकांचा नकाशा काढून ठेवा, तीन नियम ठरवून ते मोडले तर काय होईल ते स्वतःसाठी लिहून काढा, चिठ्ठ्यांचे कागद कापून ठेवा, आणि सोमवार-मंगळवारच्या संध्याकाळी दुसरं काही ठरवू नका, उत्तरं लिहायला लागतील.